ड्रीम थिएटर: पोर्टनॉय परत आला, पण मधली तेरा वर्षं कोणाच्या खात्यावर?

ओलीतवाला

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईन आहे. हरभरा ओलायचा आहे. तुषारचे पाइप तीन-साडेतीन तासांनी उचलून पुढे लावायचे आणि परत मोटरच्या खोलीत येऊन बसायचं. झोपायची सोय नाही, कारण डोळा लागला की लाईन जाते आणि सकाळी अर्धं वावर कोरडं सापडतं. अशा चार रात्रींत ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया' सहा-सात वेळा ऐकून झाला. झोपेच्या विकारांवरचा अल्बम, आणि ऐकणारा रात्री दोन वाजता चिखलात पाइप ओढणारा! जॉन पेट्रुचीला यापेक्षा लायक गिऱ्हाईक मिळालं नसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रीम थिएटर हा अमेरिकेतला प्रोग्रेसिव्ह मेटल बँड, म्हणजे लांबलचक गाण्यांचं, अवघड मात्रांचं मेटल. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जमला. पेट्रुची गिटारवर, जॉन मायुंग बेसवर, माइक पोर्टनॉय ड्रम्सवर. सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बाहेर पडला. त्याला काही काळ थांबायचं होतं, बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. मग सात ड्रमर बोलावून पारख झाली आणि माइक मँजिनी निवडला गेला. हा गडी बर्कलीत शिकवत होता, ती नोकरी सोडून आला. पाच अल्बम झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परत, मँजिनी घरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पॅरासोम्निया'.

आता माझी अडचण. जिथं पाहावं तिथं एकच सूर: "खरा बँड परत आला." मी अमरावतीला हॉस्टेलवर असताना २०११ साली रूममेटच्या पेनड्राइव्हमधून यांना पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे मी ऐकायला बसलो तेव्हा ड्रम्सवर मँजिनीच होता. माझ्यासाठी खरा बँड तोच. मग इतकी वर्षं मी काय खोटा बँड ऐकत होतो?

आणि दुसरं: माणूस गेला तेव्हा बँडचं नेमकं काय गेलं? ड्रम्स तर वाजतच होते. उलट आधीपेक्षा अवघड वाजत होते.

चंद्रपूरकर_पुण्यात

भाऊ, ड्रम्स गेलेच नव्हते, बाकी सगळं गेलं होतं. पोर्टनॉय नुसता ठोकणारा नव्हता. पेट्रुचीच्या जोडीनं निर्माता तोच. दौऱ्यात आज कोणती गाणी वाजवायची हे तोच ठरवायचा, आणि रोज यादी बदलायचा, म्हणजे कालच्या गावच्या लोकांनी ऐकलं ते आजच्या गावात नाही. शिवाय स्वतःच्या दारू सुटण्यावरची त्याची ती पाच गाण्यांची माळ. २००२ ते २००९, लागोपाठ पाच अल्बम, प्रत्येकात एक. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या पाच गाण्यांत वाटून घेतलेल्या, आणि आधीच्या गाण्यातला सूर पुढच्यात डोकावतो. आठ वर्षं एक धागा हातात धरून ठेवणारा माणूस कोणत्या ऑडिशनमध्ये मिळते, सांगा.

मी कॅसेटच्या काळातला आहे, तेव्हा माझं मत जुनाट समजून वाचलं तरी चालेल.

बेशरमचं_झाड

गाणी कुठं असतात बे यांच्यात? गणिताचा पेपर असते. तीन तास.

ओलीतवाला

@बेशरमचं_झाड, तू दरवेळी हेच लिहितोस आणि दरवेळी धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतोस.

@चंद्रपूरकर, दारूच्या गाण्यांचं मान्य. पण मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. २०११ च्या अल्बमचे ड्रम्स मँजिनीनं रचले नव्हते. पेट्रुचीनं कॉम्प्युटरवर ड्रम्सचा आराखडा बसवून ठेवला होता. गाणी तयार होताना मँजिनी त्या खोलीत नव्हताच. त्याला तयार माल मिळाला, त्यात त्यानं आपला हात घातला. ऐकताना तेव्हा कळलं नव्हतं, आता कळते: सगळं जागच्या जागी बसलेलं आहे, पण कुठंही भांडण ऐकू येत नाही. जुन्या अल्बममध्ये गिटार आणि ड्रम्स एकमेकांची कॉलर धरतात. पोर्टनॉय गेला तेव्हा "हे नको, हे कापा, हे लांबलं" म्हणणारा गेला. त्या कामाची कोणी ऑडिशन घेतली नाही.

तिहाई_वणी

तबला वाजवतो, मेटल पोरामुळे ऐकावं लागते. दोन गोष्टी लिहितो.

हे लोक सात मात्रांचं करतात त्याचं आपल्याला नवल नाही. ती ती ना धी ना धी ना, रूपक आपण झोपेत वाजवतो. पण रूपक एकदा धरला की भजन संपेपर्यंत रूपकच राहतो. यांचं १९९९ च्या अल्बममधलं ते गायन नसलेलं गाणं पोरानं लावलं. सहा मिनिटांत शंभराच्या वर वेळा मात्रा बदलतात म्हणे. मी बोटांवर धरायला बसलो, दोन मिनिटांत सोडून दिलं आणि चहा मांडला. तिसऱ्या दिवशी परत बसलो. तेव्हा कळलं की ड्रमवाला सम सांगतच नाही, गिटारवाल्याच्या वाक्याच्या मागं मागं चालतो. वाक्य संपलं तिथं सम. आमचे गुरुजी गायकाच्या साथीला हेच सांगायचे, मात्रा मोजू नको, श्वास ऐक.

दुसरं, नवा-जुना दोन्ही पोरानं ऐकवले. मँजिनीचा हात भारी स्वच्छ आहे. पोर्टनॉयचा तेवढा नाही. पण पोर्टनॉयची थाप पडली की पुढं काहीतरी होणार असं वाटते. हे शिकवता येत नाही, आणि मोजताही येत नाही, म्हणून वाद घालू नका.

चंद्रपूरकर_पुण्यात

तिहाईभाऊ, तुमच्या त्या "श्वास ऐक"साठी शंभर प्लस.

मिहानचा_मेटलहेड

विषयाला धरूनच, पण दुसरा बँड. सिनिक ऐका, अमेरिकेतलाच मेटल बँड. पॉल मास्विडाल, ड्रमर शॉन रायनर्ट, बेसवर शॉन मलोन. १९९३ चा पहिला अल्बम. डेथ मेटलमध्ये जॅझ आणि यंत्रातून काढलेला आवाज मिसळणारे हे पहिल्या काही लोकांपैकी. रायनर्ट आधीच वेगळा झाला होता. जानेवारी २०२० मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मलोनही. अकरा महिन्यांत दोघं. उरला एकटा मास्विडाल.

२०२१ च्या नोव्हेंबरात त्यानं अल्बम काढला. ड्रम्सवर मॅट लिंच होता, तो आधीपासून सोबत होताच. पण बेस गिटार कोणाच्याच हातात दिली नाही. खालचे सगळे सूर डेव्ह मॅके नावाच्या कीबोर्डवाल्यानं सिंथेसायझरवर वाजवले. मलोनच्या जागी दुसरा माणूस बसवला असता तर प्रत्येक सुराला तुलना झाली असती. इथं ते वाद्यच नाही, तर तुलना कोणाशी करणार? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं माझ्या स्पीकरचा बेस बिघडला. तळाला लाकडाचा, तारेचा आवाज नाही, नुसतं धुकं.

बँडनं दिशा बदलली म्हणतात ना, ती मला इथं दिसते. ड्रीम थिएटरनं २०११ मध्ये दिशा बदलली नाही. भोक बुजवलं.

पऱ्हाटी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मी या गाण्यांची जाणकार नाही, नवऱ्यामुळे कानावर पडतात. पण वरच्या चर्चेत सगळे मँजिनीबद्दल असं बोलता आहात जसा काही तो सालदार होता. पाडव्याला ठेवला, पाडव्याला हिशोब केला, मोकळा केला.

मला एवढंच विचारायचं आहे: त्याचं नातं काय होतं? सालदार, बटईदार की घरचा माणूस? सालदाराला कोणी विचारत नाही यंदा कपाशी लावायची की तूर. बटईवाल्याला विचारावं लागते, बियाण्यात त्याचाही पैसा असतो. हे कळल्याशिवाय "दिशा" वगैरे काय बोलायचं?

ओलीतवाला

ताई, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे. पाइप बदलताना तोच डोक्यात होता. माझ्या समजुतीप्रमाणे हिशोब असा बसतो.

२०११: सालदार. वर सांगितलंच. २०१३: या वेळी तो गाणी तयार होताना खोलीत बसला, स्वतःचे ड्रम्स स्वतः रचले. अल्बमला नावही बँडचंच दिलं, जसं काही आता नवीन घर मांडतो आहोत. इथं बटई सुरू झाली म्हणा. २०१६: परत सालदार! तो दोन तासांच्या वर चालणारा, ३४ तुकड्यांचा कथेचा अल्बम. कथा पेट्रुचीची, संगीत पेट्रुची आणि कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस या दोघांचं. बाकीच्यांनी सांगितलं ते वाजवलं. माझ्या मते बँडचा सगळ्यात कमजोर माल हाच, आणि याच वेळी "हे लांबलं" म्हणणारा पाहिजे होता. ३४ पैकी किमान १० तुकडे जुन्या खोलीतून जिवंत बाहेर पडले नसते.

२०१९: सगळे जण न्यूयॉर्क राज्यात मॉन्टिसेलोजवळ एका जुन्या कोठाराच्या स्टुडिओत एकत्र राहिले, एकत्र जेवले, एकत्र गाणी केली. अल्बम तासाभराच्या आत आटोपला. त्यातल्या एका गाण्याचे शब्द मँजिनीचे. या बँडसाठी त्यानं शब्द लिहिले ते पहिल्यांदा तेव्हा, यायला आठ वर्षं झाल्यावर. मला तो अल्बम फार आवडतो, आणि त्याचं कारण ते कोठार आहे असं माझं पक्कं मत आहे. २०२१ च्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. या बँडचं पहिलं ग्रॅमी! सदतीस वर्षांत पहिलं, आणि ड्रम्सवर कोण, तर मँजिनी.

म्हणजे बघा, बटई जमायला लागली आणि दीड वर्षात वावर मूळ मालकाला परत.

बेशरमचं_झाड

हे मात्र भल्लं लिहिलं राजेहो. मानलं.

चंद्रपूरकर_पुण्यात

ओलीतवाले, इथं तुम्ही वाहवत गेलात. "मूळ मालक" काय? पोर्टनॉयनं २०१० मध्ये परत यायचं म्हटलं तेव्हा यांनीच नाही म्हटलं होतं, कारण मँजिनीला शब्द दिला होता. मग कोणी कोणाला फसवलं? पुढं २०२० मध्ये पेट्रुचीच्या एकट्याच्या अल्बमवर पोर्टनॉयनं ड्रम्स वाजवले, २०२१ मध्ये त्या दोघांच्या दुसऱ्या बँडचा, लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंटचा, तिसरा अल्बम झाला, त्यात रुडेसही होता. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला तो यांच्या कार्यक्रमाला गेला तेव्हा गायक लाब्रीशी अबोला सुटला. हे सगळं उघड्यावर झालं. मँजिनीला दिसत नसेल?

आणि त्यानं जाताना लिहिलेलं निवेदन वाचा. आशय असा की पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, पोर्टनॉयची सगळी कामं सांभाळायला मी आलो नव्हतो, बँड चालत राहावा म्हणून ड्रम्स वाजवायला आलो होतो. ज्याचं त्याला कळलं होतं. रडतो आपण.

पऱ्हाटी

चंद्रपूरकर, "पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं" हे वाक्य सालदारच बोलतो हो.

ओलीतवाला

आता सांगूनच टाकतो, हा धागा मी खरं म्हणजे कशामुळे काढला.

आमच्या गावात भजनी मंडळ आहे, बाबा त्यात गायचे. तुकडोजी महाराजांची भजनं, म्हणजे खंजिरी आलीच. खंजिरी वाजवणारे एक काका होते. वाजवायचे चांगलं, पण त्यांची खरी कामगिरी वेगळी होती. भजन घाईत निघालं की ते थाप मारायची सोडून खंजिरी गुडघ्यावर आपटायचे आणि भर भजनात म्हणायचे, "थांबा. बैल उधळले." पन्नास माणसांसमोर. बाबांना भयंकर राग यायचा. पेटीमास्तरांनी सिनेमाच्या चाली आणायला सुरुवात केली, तेव्हा त्यावरून काकांचं वाजलं आणि ते शेजारच्या गावच्या मंडळात जाऊन बसले.

मग सतरा वर्षांचा एक पोट्टा आला. लग्नात ऑक्टोपॅड वाजवायचा, हात तयार होता. पेटीमास्तर त्याला सांगायचे, इथं दोन थापा, इथं हात थांबव. तो तसंच करायचा. तीन वर्षांत पक्का झाला, काकांना यायच्या नाहीत अशा तिहाया घ्यायला लागला. पण भजनं लांबत गेली. सिनेमाच्या चाली चारावरून बारावर गेल्या. कोणी गुडघ्यावर आपटत नव्हतं. तो पोट्टा कसा आपटेल? ज्यांच्यासमोर चड्डीत फिरला त्या माणसांना "बैल उधळले" म्हणेल?

पाचव्या वर्षी पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला काका आले. थंडीचे दिवस. कोणी बोलावलं मला माहीत नाही. पिशवीतून खंजिरी काढली, शेकोटीवर धरून कातडं तापवलं, बोटानं दोनदा टणटण करून पाहिलं, आणि येऊन बसले. पहिलीच थाप पडली आणि बाबांचा आवाज बदलला. म्हणजे खरंच बदलला, मी समोर बसलो होतो.

पण मी पोट्ट्याकडे बघत होतो. त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही. तो आपणच सरकला. हातातली खंजिरी कुठं ठेवावी कळेना, म्हणून पेटीच्या मोकळ्या खोक्यात झाकणाखाली ठेवली आणि टाळ घेतले. रात्रभर टाळ वाजवले. बरोबर वाजवले.

'पॅरासोम्निया' चांगला आहे. तो वीसेक मिनिटांचा शेवटचा तुकडा लागला की मी पाइप बदलायला उशीर करतो. पोर्टनॉय आल्यावर परत कॉलर धरणं सुरू झालं, ते पहिल्याच गाण्यात ऐकू येते. पण मधेच ते खोकं आठवते.

तिहाई_वणी

ओलीतवाले, खंजिरी शेकण्यावरून ओळखलं. चांगला वाजवणारा असणार. आजकाल फायबरच्या घेतात, शेकायची गरज नाही, पण आवाज पत्र्याचा.

मिहानचा_मेटलहेड

भाऊ, कहाणी जबरदस्त. पण एक सांगतो. काकांचं जाणं हेच चाली बदलायचं कारण होतं का? स्वीडनचा ओपेथ बँड बघा. २०११ मध्ये गुरगुरत गाणं बंद, सत्तरच्या दशकातला प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) सुरू. लोक म्हणाले, अमका गेला म्हणून, तमका गेला म्हणून. जुने लोक तर २००६-०७ मध्येच गेले होते. बदललं ते त्यांचा म्होरक्या मिकाएल ओकरफेल्टच्या मनात आलं म्हणून, आणि २०२४ मध्ये त्याच्याच मनात आलं म्हणून गुरगुरणं परत आलं. काही बँड म्हणजे एका माणसाचं मन असते. तिथं कोण गेलं याला फार अर्थ नाही.

तुमच्या गावात मन पेटीमास्तरांचं होतं. काका नुसता ब्रेक होते.

ओलीतवाला

हे पटलं. म्हणजे पेट्रुची पेटीमास्तर. बरोबर बसते, नव्या अल्बमवरही निर्माता म्हणून नाव त्याच्या एकट्याचंच आहे. पोर्टनॉय परत आला तो निर्माता म्हणून आला नाही. गाण्यांची रोजची यादी बदलणं परत त्याच्या हातात गेलं का, ते कोणी दौऱ्याच्या याद्या पाळत असेल तर लिहा.

चंद्रपूरकर_पुण्यात

याद्या बघून सांगतो. दरम्यान एक वेगळं उदाहरण: कॅनडाचा रॉक बँड रश. त्यांचा नील पीअर्ट जानेवारी २०२० मध्ये वारला. तो ड्रमरही, आणि जवळजवळ सगळे शब्दही त्याचेच. उरलेले दोघं, गेडी ली आणि अलेक्स लाइफसन, यांनी पाच वर्षांच्या वर काहीच केलं नाही त्या नावानं. मग २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली, ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस. बाई आहे, वयानं बरीच लहान आहे, तिचं वाजवणं वेगळ्या वळणाचं. मला वाटते त्यांनी मुद्दाम असं केलं: त्याच्यासारखं वाजवणारा आणला असता तर लोक डोळे मिटून पीअर्टला ऐकत बसले असते.

आणि ओलीतवाले, मघाशी मी "रडतो आपण" लिहिलं ते तुमची गोष्ट वाचायच्या आधी.

पऱ्हाटी

तो पोट्टा आता काय करतो?

ओलीतवाला

ताई, वर्ध्याकडच्या, वरातीत वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीत आहे. लग्नसराईत भेटत नाही, बाकी वेळी ट्रॅक्टर चालवतो. मागच्या महिन्यात आमच्याकडं पाळी मारायला आला होता, तेव्हा त्याला ते ग्रॅमीवालं गाणं ऐकवलं. काही सांगितलं नाही, नुसता इअरफोन दिला. मडगार्डवर बसून त्यानं दोनेक मिनिटं बोटानं ठेका धरून पाहिला, सुटला, परत धरला, परत सुटला. मग पूर्ण गाणं गप ऐकलं. साडेनऊ मिनिटं, ट्रॅक्टर बंद करून.

इअरफोन परत देताना म्हणे, "हा एका रातीचे किती घेते?"